जाळ्याची खाट

आधी काकीचं सांगते, मग बाकीचं. तिचं नाव इथे लिहीत नाही, तिला ते आवडणार नाही. स्वतःचं नाव छापलेलं तिनं एकदाच बघितलं आहे, रेशनकार्डावर, आणि तिथेही ते चुकलेलं आहे.

काकी म्हणजे मालवणच्या उत्तरेला, समुद्राला लागून असलेल्या एका गावातली मासे विकणारी बाई. सकाळी रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढतात तिथे, जायचं, मिळेल ते पाटीत भरायचं, मालवणला गाडी बदलून कट्टा गावच्या बाजारात जाऊन बसायचं, आणि संपलं की परत. माझ्या आयुष्यात जे काही सरळ झालं ते तिच्यामुळे. जे वाकडं झालं त्यातलंही बरंच तिनं स्वतःच्या अंगावर घेतलं. त्यातली एक गोष्ट मला अजून जड जाते.

मी जतकडची. आमच्याकडे पाण्याचा टँकर आला की शाळा सुटायची. आठवीत एकदा सुटली ती माझ्यासाठी कायमची. लग्नानंतर नवऱ्याबरोबर सिंधुदुर्गात चिरेखाणीवर आले. इथे घरं ज्या लाल दगडाची बांधतात, त्याची खाण. खाणीवर जोडी लागते, नवरा तोडणार आणि बायको उचलणार. दुसऱ्या पावसाळ्यात नवरा तापानं गेला. मुकादम वाईट माणूस नव्हता, त्यानं दिवस होईपर्यंत झोपडी ठेवली. मग म्हणाला, "जोडी आलीय." मी माझी पत्र्याची ट्रंक उचलली. गावाकडं भावाचं घर होतं, पण वहिनीनं आधीच निरोप धाडला होता की इकडं प्यायला पाणी नाही.

कट्ट्याच्या थांब्यावर मी त्या ट्रंकेवर बसले होते. एक गाडी आली गेली, दुसरी आली गेली. शेजारी रिकामी पाटी उपडी घालून एक बाई बसली होती.

"खंय जातलंस गो?" तिनं विचारलं.

'खंय' म्हणजे कुठे, एवढं मला कळलं. मी रडायला लागले.

"रडान गाडी येवची नाय," ती म्हणाली. मग माझ्याकडे, ट्रंकेकडे, परत माझ्याकडे बघून, "घाटीण दिसतंस. भाकरी येता करूक?"

"येते."

"म्हातारेक उचलशीत?"

खाणीवर चिरे उचलले होते. म्हातारीचं काय. मी हो म्हटलं.

काकीच्या सासूला पक्षाघात झाला होता. डावी बाजू गेलेली, जीभ मात्र शाबूत. घरात माणसं तीन. काकी, तिचा नवरा आबा, जे रापणीवर जायचे आणि बाकीचा वेळ जाळी विणायचे, आणि अंथरुणातली आये. आये सासू, पण सगळी वाडीच तिला आये म्हणायची. मला पडवी मिळाली. काकीला माझी गरज होती म्हणून तिनं मला आणलं, हे ती स्वतःच सगळ्यांना सांगायची. "धर्म नाय केलंय, म्हातारेक बघूक कोण तरी होयाच होता." मला ते बरं वाटायचं. धर्मावर राहणाऱ्या माणसाला झोप लागत नाही.

पुढे एक संस्था आली. घरोघर अंथरुणाला खिळलेली माणसं आणि त्यांची मुलं मुंबईत, अशी आमच्याकडे गावंच्या गावं आहेत. संस्था गावातल्याच बायकांना शिकवायची. कूस कशी बदलायची, जखम कशी धुवायची, लघवीची नळी कशी बघायची. त्या बायकांनी रोज घरी जायचं आणि वहीत लिहायचं. आठवी चालत होती. मी जायला तयार नव्हते, मला परत वर्गात बसायचं नव्हतं. काकीनं पाटी डोक्यावर घेतली आणि म्हणाली, "मी त्याच गाडीन जातंय. चल." मालवणात मला त्या इमारतीच्या दारात सोडलं आणि मी आत जाईपर्यंत मासळीची पाटी घेऊन रस्त्यावर उभी राहिली. तिचे मासे त्या दिवशी मऊ पडले असणार.

अशी मला नोकरी लागली. गावातले आठदहा पेशंट माझे, त्यात आयेही.

दोन हजार आठ-नऊच्या सुमाराला वह्या गेल्या आणि फोन आले. बटणांचा साधाच फोन, पण त्यात एक प्रोग्रॅम होता. प्रत्येक पेशंटला नंबर. नंबर घातला की प्रश्न यायचे, एकामागून एक, मराठीच पण इंग्रजी अक्षरांत. ताप आहे का? कूस बदलली का? पाठ लाल आहे का? आपण आकडा दाबायचा. शेवटी 'पाठवा'. ट्रेनिंगला पुण्याहून दोन मुली आल्या होत्या, हसऱ्या, आमच्याशी जमिनीवर बसून जेवल्या. त्यातली एक म्हणाली, "हा फोन खोटं बोलत नाही, म्हणून तुम्हीही त्याच्याशी खोटं बोलायचं नाही. खोटी भेट सापडली तर काम जाईल." बाकीच्या बायका हसल्या. मी ते वाक्य घरी घेऊन आले.

फोन मी रुमालात, रुमाल प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी पर्समध्ये ठेवायचे. बटण दाबण्याआधी हात धुवून पुसायचे. काकी म्हणायची, "गंध लाव तेका. नि संध्याकाळी दिवो दाखय."

पण हे मान्य करायला पाहिजे की आयेला गादी त्या फोनामुळेच मिळाली. वहीच्या काळात मी पुन्हा पुन्हा लिहिलं होतं, पाठ लाल होते, गादी पाहिजे. वह्या कुठे जायच्या देव जाणे. फोनवर मी 'पाठ लाल: हो' दाबलं आणि महिन्याभरात गाडी गादी घेऊन दारात आली. निळ्या रबराची, फुगे-फुगे असलेली, पायानं पंप मारून हवा भरायची. आये तिच्यावर निजली आणि म्हणाली, "होडी दिल्यान माका." तेव्हापासून गादीचं नाव होडी. पाठीचा लालपणा गेला. मी फोनमध्ये 'नाही' दाबलं तेव्हा मला इतका आनंद झाला की पाठवून झाल्यावरही मी तो पडदा बघत बसले. गादी संस्थेची, आयेच्या नंबरावर दिलेली. नंबर आहे तोवर गादी आहे. हे मला तेव्हा नीट माहीत होतं, म्हणून पुढचं सांगते.

आमच्या गावात गावपळण आहे. काही वर्षांनी देवाचा कौल होतो आणि अख्खं गाव तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर जातं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, मांजरं सगळी. घरांना कुलपं. आत कोणी जायचं नाही, विहिरीचं पाणी काढायचं नाही, गाव देवाच्या ताब्यात. बाहेर माळावर माडाच्या झावळ्यांच्या खोपी घालतात आणि तिथे चुली पेटतात. फुगड्या, भजनं, मुंबईहून आलेली पोरं, मासळीचा वास. भांडणं असलेली घरंसुद्धा शेजारी-शेजारी राहतात. आजारी माणसाला मागे ठेवता येत नाही. तान्हं बाळ असो नाहीतर मरणाला टेकलेला म्हातारा, गावात कोणी राहायचं नाही.

आयेला खुर्चीला बांबू बांधून चौघांनी नेलं. गादीची हवा काढून मी घडी डोक्यावर घेतली होती. माळावर खोपीत परत पंप मारला. कितीतरी वर्षं तिनं घराची कौलं सोडून वर दुसरं काही बघितलं नव्हतं. ती पडल्या पडल्या घारी बघत होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारून विचारत होती, "तू कोणाचो रे? तुझ्या आजयेक मी वळखतंय. उधारीचा म्हावरा नेय नि वाट बदली." तीन दिवस तिच्या खोपीसमोर लोक बसून होते.

मी रोजच्यासारखी तिची कूस बदलली, अंग पुसलं, आणि फोन काढला. गावात रेंजसाठी मला देवळामागच्या चढावर जावं लागे. माळावर मात्र पडद्यावर सगळ्या काड्या भरलेल्या. पहिलाच प्रश्न आला, पेशंट घरी आहे का?

घरी नव्हती. घर कुलपात होतं. मी 'नाही' दाबलं. पुढे कारणं तीनच होती. दवाखान्यात दाखल, स्थलांतरित, मयत. मी मागे आले. परत 'घरी आहे का?' हो दाबलं तर ती खोटी भेट, आणि नाही दाबलं तर यातलं कुठलं? म्हणून मी आमच्या सरांना फोन लावला. सर तालुक्याचे सुपरवायझर, तरुण, विदर्भातले. नोकरीसाठी घर सोडून आलेले, माझ्यासारखेच.

"सर, आमचं गाव बाहेर आहे."

"बाहेर म्हणजे?"

"वेशीबाहेर. गावपळण आहे. तीन दिवस."

"पूर आलाय का?"

"नाही सर. देवाचा कौल."

"पेशंट कुठे आहे?"

"माझ्यासमोर. भाकरी खातेय."

"घरी आहे का नाही, तेवढं सांगा."

"घरी नाही, सर. पण..."

"मग झालं. पुढे काय येतंय?"

मी तिन्ही कारणं वाचून दाखवली.

"दवाखान्यात नाही, वारली नाही. राहिलं काय? स्थलांतरित दाबा."

"आणि घरी परत गेल्यावर?"

"परत गेल्यावर हो दाबा. इतकं घाबरता कशाला?"

मी दाबलं. माझे सगळेच पेशंट माळावर होते, सगळ्यांचं तेच केलं. आयेनं विचारलं, "काय गो, माझा काय लिवलंस?"

"तुम्ही गाव सोडून गेलात असं."

"खराच ता," ती म्हणाली. "सगळोच गाव गेलो हा."

चौथ्या दिवशी परत कौल झाला आणि गाव घरी आलं. मी दार उघडून आयेला तिच्या जागी निजवलं, नंबर घातला. पडद्यावर आलं, हा नंबर बंद आहे. परत घातला. परत तेच.

बाकीच्या पेशंटना सरांनी नवे नंबर दिले. त्यांच्या गोळ्याच असायच्या, चारसहा दिवस इकडेतिकडे झाले, पण निभावलं. आयेच्या नंबरावर गादी होती. संस्थेच्या कोठारात कॉम्प्युटर आपोआप यादी काढायचा. स्थलांतरित आणि मयत पेशंटकडच्या वस्तू परत आणायच्या आणि वाट बघणाऱ्याला द्यायच्या. एरवी काम किती अडून राहायचं, पण ही यादी त्याच आठवड्यात निघाली.

गाडी आली तेव्हा काकी बाजारात होती. आबा खळ्यात, म्हणजे अंगणात, जाळं पसरून बसले होते. कोठारातला माणूस कागद घेऊन आला आणि त्यानं आयेचं नाव वाचलं. आयेनं आतून "ओ" दिली.

तो गोंधळला. "ह्या... गेल्या नाहीत?"

"अरे, माका खंय धाडलास ता तरी सांग," आये म्हणाली. "मुंबयक गेलंय की काय मी? आणि माका कसा कळाक नाय?"

तो हसला. त्यानं सरांना फोन लावला, अंगणाच्या टोकाला जाऊन बराच वेळ बोलला. परत आला तेव्हा हसत नव्हता. "ताई, यादीत आहे. मला न्यावीच लागेल. कुणकेश्वराकडे एकजण माडावरून पडलाय, पाठीचा कणा मोडलाय. गादी त्याच्या नावावर चढलीसुद्धा."

त्या माणसालाही पाठ होतीच. आबांनी फक्त विचारलं, "वायच काकी येयपर्यंत थांबशात?" पण गाडीला पुढे जायचं होतं. त्यानं चपला काढल्या, आयेला अगदी हळू उचलू लागला, आम्ही तिला गोधडीवर घेतलं. मग त्यानं बूच काढलं. गादी रिकामी व्हायला वेळ लागला. आम्ही तिघं उभे राहून तो आवाज ऐकत होतो. शेवटी घडी बसेना म्हणून त्यानं गुडघ्यानं दाबून उरलेली हवा काढली.

"बुडाली माझी होडी," आये म्हणाली.

संध्याकाळी काकी आली. पाटी उतरवली, खोलीत जाऊन बघून आली. मला वाटलं आता ट्रंक बाहेर येणार. तिनं हातपाय धुतले, म्हणाली, "उद्या हाफिसात जावया."

ऑफिस कट्ट्यालाच होतं, बाजाराच्या वरच्या मजल्यावर. काकीनं धुतलेलं लुगडं नेसलं होतं, डोक्यात अबोलीचा वळेसर. ऑफिसात गेलं की ती शुद्ध बोलायला लागते. लग्नात दागिने घालतात तशी.

सरांनी खुर्ची दिली, पाणी मागवलं. खरंच नीट वागले. मग म्हणाले, "मावशी, गादी परत मिळू शकते. दुसरी आहे एक कोठारात. पण नवा नंबर घेतला तर रांगेत मागे जाल, केव्हा मिळेल सांगता येत नाही. जुना नंबर उघडला तर याच आठवड्यात देतो."

"मग उघडा की, साहेब."

"उघडायला नोंद चुकीची होती असं दाखवायला लागतं." त्यांनी एक छापलेला कागद पुढे सरकवला आणि वाचून दाखवला. त्या तीन दिवसांत कार्यकर्ती भेटीला आलीच नाही, आणि न येता तिनं खोटी नोंद केली, अशी घरच्यांची तक्रार आहे. खाली अंगठ्याची जागा.

खोटी भेट म्हणजे काम जाणार.

"पण ती येत होती, साहेब," काकी म्हणाली. "येत काय, आमच्याबरोबरच होती. माळावर."

"मला माहीत आहे हो. पण कुठेतरी चूक दाखवल्याशिवाय कॉम्प्युटर घेत नाही."

"चूक कोणाची?"

"ज्या फोनवरून नोंद गेली, त्याची."

"आणि फोनाक सांगल्यान कोणी?" दागिने उतरले. "हिणा तुमकाच विचारल्यान मा? मी थंयच चुलीकडे होतंय. सगळा आयकलंय."

सरांचे कान लाल झाले. त्यांनी टेबलावरचं पेन उचललं, ठेवलं. "मावशी, मला वरती उत्तर द्यायचं असतं. माझं नाव मी कसं लिहू? तुमच्या सासूबाईंच्या भल्याचं सांगतोय. गादी हवी ना तुम्हाला?"

"होई."

"मग?"

मी काकीच्या कानाशी गेले आणि म्हटलं, "काकी, दे अंगठा. मी जाईन गावाकडं." ते मी मनापासून म्हटलं होतं. आयेची पाठ मी रोज बघत होते. एका आठवड्यात ती कशी होईल ते मला ट्रेनिंगमध्ये चित्रांनी शिकवलं होतं.

"तू गप," काकी म्हणाली. सरांकडे वळली. "साहेब, गावपळणीचे दिस देवाचे. त्या दिसांबद्दल खोटा बोलाक जमाचा नाय. आमच्या गावात कोणी बोलाचो नाय. दुसरा कायतरी लिवा, अंगठो देतंय."

दुसरं काही लिहिता येत नव्हतं. सरांनी कागद परत खणात ठेवला. म्हणाले, "विचार बदलला तर या." आमच्यामागे जिन्यापर्यंत आले. मला हळूच म्हणाले, "तुमच्याबद्दल माझी काही तक्रार नाही, ताई." मला त्यांना काहीतरी बोलायचं होतं, पण तोंडातून निघालं, "हो सर."

परतीच्या गाडीत काकी खिडकीशी बसली होती. मग मी म्हटलं, "काकी, देव काय आयेवर रागवला असता? तू द्यायला हवा होतास अंगठा."

ती हसली. "देवाचा सांगलंय ता तेका पटाक होया म्हणान. देवाक हेच्यात काय पडला हा? मी अंगठो दिलो आसतो तर तू खंय गेली आसतंस? परत त्या थांब्यार ट्रंकेर बसाक?"

"पण आये?"

"आयेक मी आसंय, तिचो झिल आसा. तुका कोण आसा?"

झिल म्हणजे मुलगा, आबा. माझी ट्रंक पडवीतच राहिली.

गादी नाही म्हटल्यावर आबांनी खाट केली. जुन्या लाकडी चौकटीवर जाळं ताणून बांधलं, तीनचार पदर, कडेला काथ्याचा दोर. रापणीचं जुनं जाळं, मीठ निघून जावं म्हणून आधी गोड्या पाण्यात भिजवलेलं. खालून वारा लागेल, पाठ घामेजणार नाही, असा त्यांचा हिशेब. वर काकीच्या मऊ पडलेल्या लुगड्यांची गोधडी. खाट झोकदार झाली. आयेला तिच्यावर घेतलं तेव्हा ती लेकाला म्हणाली, "जलमभर म्हावरा इकलंय, शेवटाक माकाच जाळ्यात घातलंस मा रे?"

आबा म्हणाले, "तू गावणारी खंयची!" आणि बाहेर जाऊन डोळे पुसून आले.

सुरुवातीला खाटेनं खरंच साथ दिली. आम्ही तिघं पाळीनं कूस बदलायचो. पण जाळं सैल पडतं. दर काही दिवसांनी आबा ते परत ताणायचे, आणि गाठी गोधडीतून वर यायच्या. कूस बदलताना आयेच्या पाठीवर जाळ्याची चौकटी उमटलेली दिसायची, बारीक, एकसारखी. हात फिरवला की जायची. मग एक दिवस माकडहाडाजवळची एक खूण गेली नाही.

जखमेला संस्थेकडून गॉज आणि मलम मिळायचं, पण नंबर असलेल्या पेशंटलाच. आयेचा नवा नंबर मागितला होता, पण जुन्या नंबरावर गादीची नोंद होती, म्हणून तो 'मंजुरीसाठी' कुठेतरी अडकला होता. मी विचारलं की सर म्हणायचे, "वरती पाठवलंय." मी मीठ घालून पाणी उकळायचे, लुगड्याच्या पट्ट्या उकळून वाळवायचे. काकी परसातल्या केळीची कोवळी पानं आणायची, जखमेखाली घालायला. जे शिकवलं होतं ते सगळं मी करत होते, फक्त ते कुठेच जात नव्हतं. दुपारी फोन काढून इतरांच्या घरची उत्तरं पाठवायचे. पाठ लाल आहे का, नाही. पाठ लाल आहे का, नाही. ज्या घरात मी राहत होते तिथली पाठ मला कोणी विचारत नव्हतं.

कधीतरी वास यायला लागला. आये वास लपवायला अबोली मागायची. "काकीक म्हण, वळेसर आण," असं मला सांगायची. "माका काय वास येणा नाय, पण तुमका येता आसतलो." काकीनं तिच्यासमोर त्या अंगठ्याचा विषय एकदाही काढला नाही, आणि आयेनंही विचारलं नाही. तिला माहीत होतं का? वाडीत काय लपतं. एकदा मी ड्रेसिंग करताना ती म्हणाली, "गो घाटणी, तुझो हात बरो आसा. तुका आणल्यान तिणा ता बरा केल्यान." मी त्यावरून धरते की तिला माहीत होतं.

शिमगा होऊन गेल्यावर, उन्हाळ्यात, भर दुपारी ती गेली. जखम हाडापर्यंत गेली होती.

त्या दिवशी मी कुठल्याच घरी गेले नाही. संध्याकाळी सरांचा फोन आला. "ताई, आज तुमच्या भेटी शून्य दिसतायत."

"मयत झालं, सर."

"अरेरे. नंबर सांगा, नोंद करून टाकतो."

"नंबर नाही, सर."

ते म्हणाले, "ठीक आहे. उद्या या कामावर." मला वाटतं त्यांनाही त्या रात्री जेवण गेलं नसेल. पण ते मी का सांगावं? त्यांचं त्यांनी सांगावं.

आयेचं मरण कुठल्याच फोनमध्ये गेलं नाही. त्या कॉम्प्युटरमध्ये ती अजून कुठेतरी गेलेली आहे, आणि तिचा पत्ता कोणाला माहीत नाही.

ज्या कामासाठी काकीनं अंगठा दिला नाही, ते काम वर्षभरात संपलं. संस्थेचा प्रकल्प बंद झाला. एका सकाळी आम्हा सगळ्या बायकांना बोलावून चहा दिला, फोन एका खोक्यात गोळा केले. मी माझा रुमालातून काढून दिला. त्यांनी आमच्या हातात एकेक दाखला दिला. माझ्यावर लिहिलं होतं, काम समाधानकारक, एकही तक्रार नाही. ती ओळ मी परत परत वाचली. एकही तक्रार नाही. ती ओळ कोणी लिहिली आणि कशानं लिहिली, ते त्या दाखल्यावर कुठे दिसत नव्हतं.

त्या दाखल्यावर मला गोव्यात एका इस्पितळात आयाचं काम मिळालं. वॉर्डात हवेच्या गाद्या आहेत, विजेवर चालणाऱ्या, रात्रंदिवस आपोआप फुगतात आणि बसतात. नवीन पोरी त्यांच्यावर चादर तशीच ओढतात. मी आधी हात फिरवून बघते, कुठे गाठ आहे का. नसतेच. तरी बघते.

माडावरून पडलेल्या त्या माणसाची पाठ वाचली का, मला कधी कळलं नाही. वाचली असेल असं धरते. नाहीतर फारच झालं.

गणपतीला मी काकीकडे जाते. खाट आबांनी मोडली नाही, पडवीत उभी करून ठेवली आहे, तिच्यावर काकी सुकवण वाळत घालते. काकी आता गुडघ्यांनी हैराण आहे, बाजार अर्ध्यावर आणलाय. मागच्या वेळी मी निघताना म्हणाली, "माका पडाक झाला तर तुझ्या इस्पितळात खाट ठेव गो."

इस्पितळात नाही, काकी. तू पडशील त्या दिवशी मी काम सोडून येईन, तुझ्याच घरी. फोनात नंबर असो वा नसो. दर दोन तासांनी तुझी कूस मी बदलेन, आणि तुझी पाठ फुटू देणार नाही. तुझं तेवढं तरी मी फेडेनच.